वाढत्या मापाची होडी

आमच्या काकांच्या दुकानात छताला एक होडी टांगलेली आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्ही टोकांना निमुळती, मधे बसायला एक भोक. पँटची उंची कमी करायला आलेलं माणूस आधी वर बघतं आणि मग विचारतं, "हे काय शिवलंय?"

तोंडातल्या टाचण्या न काढता काका सांगतात, "लहान मुलीचं आहे."

ती लहान मुलगी मी.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पेशाने शिंपी. त्यांना मूलबाळ नव्हतं. आई परगावी नर्सिंग शिकत होती, म्हणून मी त्यांच्याकडे वाढत होते. दुकानामागच्या दोन खोल्यांत, मशीनच्या घरघरीत. मी शाळेतून आले की काका कात्री खाली ठेवून उभे राहत. "या गिऱ्हाईक, बसा! काय शिवायचं?" मीही ऐटीत स्टुलावर चढायची. "आज काही नाही. आज फक्त गोळी."

त्या उन्हाळ्यात आईचं शिक्षण संपलं आणि तिला लांबच्या गावी नोकरी लागली. शाळा सुरू व्हायच्या आत ती मला न्यायला येणार होती. घरात सगळे खूश होते. काकासुद्धा. फक्त ते मशीन जरा जास्त जोरात चालवायला लागले होते.

आणि मला एकच ध्यास लागला होता. जायच्या आधी कयाकमध्ये बसायचं. गावाबाहेरच्या तळ्यावर लाल-पिवळ्या कयाक होत्या, एकट्याने बसून वल्हवायच्या निमुळत्या होड्या, पण तिथला होडीवाला मला हात लावू देईना. "मोठ्यांच्या मापाच्या आहेत, बाळ. तू आत हरवून जाशील." मी फुरंगटून दुकानात आले.

"मापाची नाही म्हणतात."

काकांनी गळ्यातली टेप ओढून काढली. "मापाची नाही? मग आपण इथे कशाला बसलोय?"

आतून मावशी ओरडली, "अहो, होडी आहे ती! परकर नव्हे!"

"आत माणूस बसतं ना? मग शिवता येतं."

मला फरशीवर पाय लांब करून बसवलं. कंबर, मांडी, टाच, काखेपासून जमीन. "पोट आत ओढायचं नाही. होडीत काय श्वास धरून बसणार आहेस?" मग बांबूच्या पातळ कामट्या आल्या. त्या भिजवून, वाकवून काकांनी लहानमोठी कडी केली. टोकं एकावर एक चढवायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने करकचून बांधायची. खिळा एकही नाही. "खिळा कापड फाडतो," काका म्हणाले. कड्यांवरून लांब कामट्या गेल्या आणि दुकानात एखाद्या माशाचा सांगाडा येऊन पडल्यासारखं दिसायला लागलं. त्यावर काकांनी ताडपत्री ताणली, दुकानाच्या छपरीसाठी आणलेली. टाचण्या, कच्ची शिलाई, मग दाभणाने पक्की. शिवणीवर वितळलेलं मेण. कामट्यांच्या उरलेल्या तुकड्यांवर पत्रा ठोकून वल्हं झालं.

मावशीने कमरेवर हात ठेवून बघितलं. "केवढी ढगळ केलीत!"

"वाढत्या अंगाची आहे."

यात नवल काहीच नव्हतं. माझे सगळे फ्रॉक तसेच असत. पहिल्या वर्षी घोट्यापर्यंत, दुसऱ्या वर्षी मापात, तिसऱ्या वर्षी दुमड उसवून पुन्हा मापात. लहान मुलाचं अंगाबरोबर शिवणारा शिंपी काकांच्या मते शिंपीच नव्हता.

तळ्यावर आम्ही होडी डोक्यावरून नेली. काकांनी पायजम्याच्या नाड्या एकमेकींना शिवून एक लांबलचक दोरी केली होती. एक टोक होडीला, एक त्यांच्या मनगटाला. ते छातीभर पाण्यात उभे राहिले आणि मला आत बसवलं.

मी हरवले. होडीची कड माझ्या काखेत आली. वल्हं मारायला जावं तर ते हवेत फिरे. डावीकडे कलले की मी डावीकडे घसरायची आणि होडी माझ्या मागोमाग यायची.

"हात लांब कर!"

"एवढेच आहेत, काका!"

होडीवाला काठावर पोट धरून हसत होता. मावशी मात्र हसली नाही. "अहो, फ्रॉक ढगळ झाला तर पिन लावता येते. होडीला काय लावणार? एवढी मोठी कशाला केली?"

काका नाडीच्या गाठीशी चाळा करत राहिले. "पुढच्या सुट्टीतपण यायचं ना हिला," ते म्हणाले. "म्हटलं, होडी असली म्हणजे येईल."

आई परवा येणार होती.

मावशी चपला घालूनच पाण्यात उतरली. "पोर आज इथे आहे. आजच्या मापाची करून द्या."

"कापली की पुढच्या वर्षी उपयोगाची नाही."

"कापायला कोण सांगतंय? शिंपी आहात ना?"

दुकानात पोचल्यावर काकांनी ओली होडी तशीच पुसून उसवायला घेतली. दोरे सोडून कडी लहान केली, कामट्यांची टोकं आणखी चढवून बांधली. जास्तीची ताडपत्री कात्री न लावता आत दुमडली, घडीवर घडी. मावशी मेण वितळवत होती आणि दर थोड्या वेळाने मला उचलून आत बसवून बघत होती.

दुसऱ्या दिवशी कड माझ्या कमरेशी आली. वल्हं पाण्यात बुडालं आणि होडी सरळ पुढे गेली, इतकी सहज की मीच घाबरून हसले. गवताच्या बेटापर्यंत गेले तेव्हा नाडी ताणली गेली. मागे बघितलं तर काका मनगट उंच धरून उभे होते. "बास, गिऱ्हाईक! नाडी संपली!"

मग आई आली आणि मी गेले. नव्या गावात नवी शाळा, नव्या मैत्रिणी. काकांनी कधी विचारलं नाही, येणार का म्हणून. पुढच्या सुट्टीत बसमधून उतरून मी दुकानाच्या दारात उभी राहिले, तेव्हा ते कोणाचीतरी बाही लावत होते. कात्री खाली ठेवून ते उभे राहिले. या-बसा काही नाही. टेप काढली आणि म्हणाले, "हात वर."

त्या संध्याकाळी होडीची एक घडी उसवली.

मी दर सुट्टीत जात राहिले आणि दर सुट्टीत एकेक घडी सुटत गेली. जुन्या शिवणीची भोकं मेणाने बुजवलेली, ओळीने अजून दिसतात. मग एका वर्षी काकांनी आत हात घालून चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि माझ्याकडे वर बघितलं. वरच बघावं लागलं, कारण मी त्यांच्याहून उंच झाले होते.

"कापड संपलं, गिऱ्हाईक," ते म्हणाले. "आता वाढणं बंद करा."