चाळीसच्या वर न्यायची नाही

आमच्या शेजारचे काका बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवतात. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच व्हॅनमधून शाळेत गेली. पोरांनी त्यांचं नाव कासवकाका ठेवलेलं. काकांना ते ठाऊक होतं आणि त्याचा अभिमानच होता.

काकू मात्र त्या व्हॅनमध्ये फारशा बसल्याच नाहीत. त्यांना बस लागते, दोन थांब्यांत चेहरा पांढराफटक. गाडीत पुढच्या सीटवर बसलं तर लागत नाही. पण ती सीट वर्षभर दोन चिमुरड्यांची, आणि सुट्टी लागली की व्हॅन दुरुस्तीला. नऊ वर्षांत माहेर घडलं नव्हतं.

यंदा व्हॅन निळा धूर ओकायला लागली. मिस्त्रीने इंजिन उतरवलं, उघडलं आणि काकांना बोलावून पिस्टन दाखवला. "रिंगा गेल्या, बोअर गेला, क्रँक घासलाय. पासष्ट हजार धरून चाला. त्यापेक्षा थोडे घालून दुसरी व्हॅन बघा की!"

"नको. हिचा एकेक आवाज मला ओळखू येतो."

"काका, तो आवाजच तर घालवायचाय!"

पैसे काकूंनी दिले. त्यांचं माहेरचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. धाकट्या भावाने ते विकलं होतं आणि बहिणीचा वाटा न मागता पाठवून दिला होता. घेणारा ते लवकरच पाडणार होता. काकूंची एकच अट होती, "गाडी सुरू झाली की आधी मला तिकडे न्यायचं. उभं आहे तोवर एकदा बघू दे."

क्रँक आणि बोअर घासून घ्यायला लेथवाल्याकडे दिले, त्याने आज-उद्या करत तीन आठवडे घालवले. मी विचारायची, "काकू, कुठवर आलं?"

"अगं, माझी ओसरी अजून लेथवरच आहे," म्हणून हसायच्या आणि लगेच आत जायच्या.

व्हॅन हातात आली त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, उद्या दुपारी घर पाडायला मशीन येतंय."

मिस्त्रीने तर बजावलं होतं, "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, आणि ओझं अजिबात नको. नाहीतर पासष्ट हजार पाण्यात." माहेर अडीचशे किलोमीटर.

सकाळी सहाला दोघं निघाली. ट्रक पुढे गेले, बस पुढे गेल्या. एका ट्रॅक्टरवाल्याने तर पुढे जाताना टाटा केला. अकरा वाजले तरी सत्तर किलोमीटर उरले होते.

"साठवर घेतो," काका म्हणाले. "एवढ्याने काही होत नाही."

काकूंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "चाळीसच. शाळा उघडली की अकरा पोरं बसायचीत हिच्यात."

"अगं, पण घर..."

"घराचे पैसे हिच्यातच आहेत ना? तेही घालवू?"

काकांनी काटा चाळीसवरच ठेवला.

पोचायला पाऊण वाजला. भिंती खाली आल्या होत्या. खिडकीचे हिरवे गज ढिगाऱ्यातून वर आलेले. उंबऱ्याचा दगड तेवढा जागेवर होता.

"अर्ध्या तासापूर्वीपर्यंत उभं होतं गं ताई," भाऊ म्हणाला. "थांबा, थांबा म्हणत होतो मी त्यांना."

काकू उंबऱ्यापाशी गेल्या. पदराने दगडावरची धूळ पुसली आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या. लहानपणी आई बाजारातून यायची, तेव्हा तिची वाट बघत तशाच बसायच्या म्हणे.

काकांनी मशीनवाल्याकडून पहार मागून आणली. काकूंना हाताला धरून उठवलं. मेहुण्याला हाताशी घेऊन दगड उकरला, तिघाचौघांना बोलावून व्हॅनमध्ये चढवला. मागची चाकं दबली.

"अहो, मिस्त्री ओझं नको म्हणालेत ना?"

"त्याला कोण सांगणार आहे?"

येताना काका तीसच्या वर गेले नाहीत. पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

दगड आता त्यांच्या दारात आहे. शाळा सुटायच्या वेळेला काकू त्यावर येऊन बसतात, तशाच रस्त्याकडे तोंड करून. नव्याने बांधलेल्या इंजिनाला आवाज कसला तो नाही. व्हॅन वळणावर येते, पोरं दंगा करत उतरतात, काका हाक मारतात. काकू वर बघतात, पण जरा उशिराच.