तांब्याभर पाणी

ओल्या मातीचा वास लोकांना आवडतो म्हणे. यंदा ऐन पौषात पाऊस कोसळला आणि सकाळी आमच्या मोसंबीच्या बागेतून तोच वास आला, तेव्हा मी खिडकी लावून घेतली. बाग ताणावर होती. थंडीत झाडांचं पाणी तोडायचं, तहानेनं त्यांना पिवळं पडू द्यायचं आणि मग पाणी सोडायचं, की फांदी न् फांदी फुलते.

मी शाळेत होते तेव्हाची, अशाच ताणातली एक दुपार आठवली. बांधावर जेवणं झाली होती. मायनं हात धुतले आणि तांब्यात उरलेलं पाणी जवळच्या झाडाच्या बुडाशी ओतलं. अण्णांनी धावत येऊन तिच्या हातातून तांब्या हिसकावला.

"कावून वतलंस?"

"अवो, पानं कशी मलूल झालीत. जीव तुटला माजा."

"तुटू दे. आत्ता तहान भागली तर नुसता पाला फुटंल, फूल न्हाई."

मला तेव्हा अण्णा कसाई वाटले. पण पुढं बाग अशी फुलली, की वासानं डोकं गरगरायचं. माय खाली पडलेली पांढरी फुलं पदरात वेचायची, अजून रुसलेलीच.

हल्ली दरसाल हा अवकाळी पाऊस ताण मोडतो. आताही बागेला कोवळी पालवी आलीय, फूल औषधालासुद्धा नाही. रस्त्यानं जाणारे कौतुकानं थांबतात, "ताई, बाग लई हिरवीगार हाय की!"

मी मान हलवते. आज अण्णा असते, तरी त्यांनी तांब्या कुणाच्या हातातून हिसकावला असता?