विमानाला पेज पाजली त्याची गोष्ट

ऑफिसातल्या साहेबानं विचारलं, विमानाचं काम केलंय का? मी म्हटलं हो. मुंबईहून दोह्याला विमानातच बसून आलो होतो की. पट्टा मात्र हवाईसुंदरीनं लावून दिला.

मी इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या सीटा शिवायचो. शाळा दुसरीतच सुटली, म्हणजे मास्तर सुटले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका हौशी कतरी म्हाताऱ्याला इटलीचं जुनं विमान नव्यानं बनवून हवं होतं, दोन महायुद्धांच्या मधलं. उडवायला नाही, बंगल्यासमोर उभं करायला. त्या काळी ते माणसं, टपाल, पेशंट, मिळेल ते न्यायचं. म्हणजे आपली वडापची जीपच. सांगाडा सुतारांनी केला. पंखावर पत्रा नाही, कापड. ते आलं माझ्या गळ्यात.

मी सीट-कव्हर शिवतात तसं आधी एका पंखाला शिवलं. चढवलं तर बारक्या पोराला बापाचा लेंगा घातल्यासारखं दिसलं. ओढलं, तर शिवण उसवली. पुन्हा शिवलं, तर पुन्हा सैल. आमचा फोरमन केरळचा. सुरकुतीत बोट घालून म्हणाला, "परसों मालिक आएगा. टाइट नहीं हुआ तो तू खलास. टिकट, घर."

घरी काय सांगणार होतो? कापड सैल राहिलं म्हणून परत आलो?

रात्री खोलीवर भाताची पेज काढत होते. आई सुती लुगड्याला पेजेचीच खळ करायची, वाळलं की लुगडं पत्र्यासारखं उभं राहायचं. मी पातेलं उचललं, पंखाला लावतो म्हटलं. स्वयंपाक करणारा रत्नागिरीचा म्हातारा म्हणाला, "मेल्या, आता विमानाक पेज पाजतंस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पंख उन्हात काढून पेज फासली. ओलं झाल्यावर कापड आणखीच लोंबलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला लागलो. पण दोह्याचं जूनचं ऊन ते. तासाभरात सुरकुत्या गेल्या. टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. फोरमननं केमिकल कुठलं म्हणून विचारलं. भाताचं म्हटलं, तर त्याला वाटलं मी लपवतोय. वरून रंग मारला.

मालक, म्हणजे तो कतरी म्हातारा, आला, पंख वाजवून बघितला, पुन्हा वाजवला. कोणी केलं विचारलं. फोरमननं मला पुढं ढकललं. म्हाताऱ्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"दूसरा पंख कब?"

"जितना चावल, उतना जल्दी."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवर माझ्यासाठी दोन पोती तांदूळ आला. फोरमननं स्वतः खांद्यावर घेऊन उतरवला.