मस्कतची कॅसेट

"आजी, केस विंचर, व्हिडिओ कॉल लागतोय," नात म्हणाली आणि मी चारकोपच्या जुन्या खोलीत जाऊन पोचले.

यांची नोकरी मस्कतला. आमच्यात एकच कॅसेट ये-जा करायची. त्यांचं बोलणं ऐकायचं आणि त्याच्यावरच आपलं भरायचं. एकदा ते म्हणाले, "बघशील, पुढे फोनवर तोंडं दिसतील." मी दीडशहाणी. लाल बटण दाबून म्हटलं, "अहो, रोज वेणी कोण घालणार? नकोच तसला फोन." आणि खूप हसले.

ते तिथेच गेले. बॅगेतून कॅसेट तेवढी परत आली. तिच्यावर आता माझंच हसणं आहे. ते संपलं की शेवटी त्यांचे चार शब्द पुसायचे राहिलेत, "...वेणी घालून बस हं."

फणी कुठाय गं माझी?