चाकासमोरची जागा

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. गावात मात्र माझी ख्याती उलटी होती. मुंबईला मोठमोठ्या मशीनवर काम करून आलेला, लोखंडाला न घाबरणारा, असं लोक माझ्याबद्दल बोलत. मी ते ऐकून घेई. खोडून काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मुंबईत एका कापड गिरणीत मी रोल घासायच्या खात्यात होतो. कापडाला तकाकी यावी म्हणून ते जड रोलांच्या जोडीतून दाबून काढतात. दाबून दाबून रोल झिजतो, आणि झिजतो तोही सारखा नाही, मधे जास्त, कडांना कमी. मग तो आमच्याकडे यायचा. आम्ही तो मशीनवर चढवून सावकाश फिरवायचो आणि त्याच्या अंगावरून जोरात फिरणारं ग्राइंडिंगचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचो. एका फेरीत केसाच्या जाडीएवढंही लोखंड निघायचं नाही. दिवसभर तेच करायचं, मापायचं, परत घासायचं. कंटाळवाणं काम म्हणावं तर त्या चाकाकडे बघत राहावं लागे. ते चाक म्हणजे शेवटी दगडच, बारीक कणांचा, भट्टीत भाजलेला. त्यात तडा असला आणि ते वेगात आलं तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात, आणि सुटतात ते चाकाच्या रेषेत. म्हणून नवीन चाक आधी टांगून लाकडी हातोडीने ठोकायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर फेकून द्यायचं. आणि चालू केल्यावर पहिला थोडा वेळ त्याच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. आमच्या खात्यात हा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत.

एक दिवस माझ्या शेजारच्या मशीनवरचं चाक फुटलं. त्यावरचा माणूस आमच्याच बाजूचा, मसुऱ्याकडचा. सकाळी आम्ही एका डब्यातले बांगडे खाल्ले होते. तो जगला, पण त्याचा चेहरा मला ओळखता आला नाही. पुढचे काही महिने मी कामावर गेलो आणि रोज चाक ठोकून बघितलं, आणि रोज प्रत्येक चाक मला बद्द वाजल्यासारखं वाटलं. फोरमन म्हणाला, कान तपासून घे. कान ठीक होते. मी नोकरी सोडली, बोटीने मालवणला उतरलो आणि घरी सांगितलं की मुंबईचं पाणी बाधतं.

बायकोला ते पटलं नसावं. झावळ पडली तरी मी अंगणात उडायचो, ते ती बघत होती. पण विचारलं नाही.

ती तेव्हा कर्लीच्या खाडीकाठी एका कौलांच्या कारखान्यात मातीच्या पाट्या वाहायची. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. तांबडी माती खाडीतून होडीने यायची, भिजवायची, आणि मग दोन ओतीव लोखंडाच्या रोलांमधून काढायची. दोन माणसांनी कवेत घ्यावेत एवढे जाड रोल. त्यांच्यामध्ये फट अगदी थोडी, म्हणजे मातीतला खडा भरडला जावा. पण मातीतल्या वाळूने रोलच झिजले. मधली फट वाढली आणि खडे अख्खेच्या अख्खे पार होऊ लागले. खडा राहिलेलं कौल भट्टीत तडकतं, नाहीतर पावसात कुणाच्या तरी ताटात गळतं. लोक कौलं परत आणून कारखान्याच्या दारात टाकू लागले. मालक हैराण झाला. पाट्या वाहणाऱ्या बायकांपुढे तो कपाळाला हात लावून बोलत असताना माझ्या बायकोने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आमच्या घोवाक येता ह्यां काम."

झालं. मी कामाला लागलो. नाही म्हणायला माझ्याकडे मुंबईच्या पाण्याखेरीज दुसरं कारण नव्हतं, आणि इथलं पाणी तर मला मानवत होतं.

मी रोल बघितले. त्यांच्यावर लांबीभर सरळ पट्टी धरली आणि मागे कंदील ठेवला. कडांना पट्टी चिकटून बसली होती आणि मधे उजेडाची लांबलचक फाक दिसत होती. एवढा झिजलेला रोल मी गिरणीतही पाहिला नव्हता. रोल उचलून मुंबईला न्यायचे तर ओढ्यांवरचे लाकडी साकवच मोडले असते, म्हणून जागेवरच घासायचं ठरलं. मालकाच्या फिटरने रोलासमोर एक सरकता बैठा गाडा बसवला, त्यावर चाक आणि इंजिनाने फिरणाऱ्या वरच्या आसावरून येणारा पट्टा. अर्धवट पत्र्याचं झाकणही केलं. पट्टा ढकलून चाक चालू करायचा दांडा मात्र त्याने चाकाच्या अगदी जवळ आणि जवळजवळ रेषेतच बसवला. मी म्हटलं, हा दांडा लांब पाहिजे होता. तो म्हणाला, हात पुरतोय ना?

चाक मुंबईहून बोटीने आलं. एकच. ते मी पेंढ्यातून काढून ठोकलं. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा मला खण् असा स्वच्छ आवाज ऐकू आला, आणि मला इतका आनंद झाला की मी ते पुन्हा पुन्हा ठोकलं. दसरा झाला की काम सुरू करायचं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्यात गेलो तर सगळी हत्यारं झेंडूत बुडालेली. फावडी, साचे, पाने, इंजिनाचं चाक, सगळ्यांना आंघोळ घालून हळदकुंकू लावलेलं. माझं चाक मात्र दिसेना. विचारलं तर एक बाई कौतुकाने म्हणाली, "तेका आमी काल न्हाणयलां. लय धूळ होती. रात्रभर तळीत ठेयलां, आता कसां लख्ख दिसता बगा."

माती भिजवायच्या तळीतून दोघांनी ते चाक माझ्यासमोर काढलं. अर्धं पाण्यात होतं, अर्धं बाहेर. तसं चाक म्हणजे फडक्यासारखं पाणी पिणारं. अर्धा भाग जड, अर्धा हलका, म्हणजे वेगात आल्यावर हिसके देणार. काढताना ते तळीच्या काठाच्या जांभ्या चिऱ्यावर टेकलेलं मी पाहिलं. आपटलं म्हणणार नाही, टेकलं. मी ते टांगलं आणि हातोडीने ठोकलं.

बद्द.

ओलं चाक बद्दच वाजतं, हे मला माहीत होतं. तडा गेलेलंही बद्दच वाजतं. आणि भ्यालेल्या माणसाला चांगलंही बद्द ऐकू येतं, हेही मला आता माहीत होतं. यातलं खरं काय, ते मला सांगता येईना. मी मालकाला म्हटलं, हे चाक उन्हात आठवडाभर वाळू द्या, मग बघू. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "घासूचां काम सावकाश कर. पण आज दसरो आसा. एकदा नुसतां फिरवन बंद कर. मुहूर्त चुकाक नको."

एकदा नुसतं फिरवायचं. या चाकाला हळू फिरणं माहीत नव्हतं. पट्टा पडला की ते एकदम वेगात येणार. मी बोलायला तोंड उघडलं, पण दसऱ्याच्या दिवशी, नारळ समोर असताना, हे फुटेल असं कोणत्या तोंडाने बोलायचं? अशुभ बोलला म्हणून ज्याने त्याने कानावर हात ठेवले असते. चाक बसवलं. हात ओले झाले ते चाकाच्या पाण्याने की घामाने, कोण जाणे.

तोवर सगळा कारखाना जमला. मुकादम गावातला मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचाच. त्याने चाकाच्या बरोबर समोर पाट मांडला, पाटावर नारळ, आणि मागे सगळे हात जोडून रांगेत उभे राहिले. समोर चाक, पाठीमागे चिऱ्याची भिंत. रांगेत मधोमध माझी बायको, डोक्यात अबोली. हसत होती. तिच्या घोवाचं यंत्र होतं ना ते.

"हयसून बाजूक व्हा," मी म्हटलं.

मुकादम रागावला. "देवाक कडेक उभ्यान हात जोडतत काय रे? यंत्राक पाठ दाखवची नसता."

मला मसुऱ्याच्या त्या माणसाचा चेहरा दिसायला लागला, आणि तो चेहरा रांगेतल्या एकेकाच्या खांद्यांवर बसायला लागला. त्या भीतीनेच मला अक्कल दिली असावी. एरवी मी इतका हुशार नाही. मी कुंकवाची वाटी उचलली, रोलाच्या टोकाशी गेलो, जिथे त्याचा आस बेअरिंगमध्ये बसतो, आणि त्या गोल टोकावर हळद आणि कुंकू लावलं. वर झेंडूची माळ चढवली.

"ह्यां यंत्राचां तोंड," मी म्हटलं. "मुंबयत हयच नारळ फोडतत."

मुंबईत असलं काही नव्हतं. पण मुंबई म्हटल्यावर मुकादमाने विचार केला. टोक बघितलं, कुंकू बघितलं, गोल होतं, चेहऱ्यासारखं दिसत होतं. "मग आधी सांगूक नको?" असं पुटपुटत त्याने पाट उचलला. त्याच्यामागे सगळी रांग वळून रोलाच्या टोकाला गेली. चाकाच्या रेषेतून एकेक माणूस बाहेर पडताना मी बघत होतो. शेवटी माझी बायको गेली.

"बा देवा म्हाराजा," मुकादमाने सुरू केलं, "आज दसऱ्याच्या दिसाक ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उभी आसत. कोणाची वाकडी नदर पडली आसात तर ती दूर कर. कोणाच्या हातापायाक धक्को लागाक दिव नको."

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. मी दांडा ढकलला.

पट्टा पडला तसा गाडा थरथरायला लागला. मग जमीन. चाकातून पाण्याचा फवारा उडाला. मी दांडा मागे ओढेपर्यंत एक आवाज झाला आणि काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं. इतकं जवळून की कानाला वारा लागला. मग दुसरा आवाज भिंतीवर.

इंजिन कुणीतरी बंद केलं. धूळ खाली बसल्यावर दिसलं, चाकासमोरच्या भिंतीतला एक चिरा छातीच्या उंचीवर फुटून खाली सांडला होता. त्याच्याजवळ चाकाचा तुकडा पडला होता, अजून ओला. कुणाला खरचटलंही नव्हतं. बायका रडायला लागल्या. मुकादम हात जोडून म्हणाला, देवान गाऱ्हाणां ऐकलान. मी तिथेच खाली बसलो.

घरी जाताना बायको पुढे चालत होती. व्हाळ ओलांडल्यावर थांबली. "आमका सगळ्यांका तुमी बाजूक केलास," ती म्हणाली. "तुमी खंय उभे होतास?"

"पट्टो कोणीतरी ढकलूक होयो ना?" मी म्हटलं.

ती पुढे चालायला लागली.

दुसरं चाक आलं. ते मी कुणाला हात लावू दिलं नाही. घरात माळ्यावर कोरडं ठेवलं, ठोकलं, खणखणीत वाजलं, तरी विश्वास बसेना. गाड्यावर चढवलं त्या दिवशी मी सगळ्यांना शेडच्या बाहेर घालवलं. यावेळी कोणी वाद घातला नाही. मी दांड्याशी जाऊन उभा राहिलो तर माझ्या शेजारी बायको. डोक्यावरची पाटी खाली ठेवून पदर खोचलेला.

"भायर जा," मी म्हटलं.

"नाय."

"गो, फुटात ता!"

"म्हणान तर." तिचे ओठ पांढरे पडले होते. "कोणीतरी घराकडे येवन माका सांगूचां, ता माका नको. काय होवचां ता माज्या समोर होवंदे. तुमी सरका, मगे मी सरकतंय."

मी ओरडलो. शिव्याही दिल्या. बाहेरून सगळा कारखाना आत डोकावून ऐकत होता. ती जागची हलली नाही. मला माझ्यासाठी वाटायची ती भीती सवयीची झाली होती. ही नवी होती आणि ती मला सोसवेना.

शेवटी मी इंजिनवाल्याला हाक मारून एक लांब बांबू मागवला. दांड्याला काथ्याने घट्ट बांधला. दुसरं टोक दारातून बाहेर काढलं, भिंतीच्या आडोशाला. एवढं साधं काम, पण मी एकटा होतो तोवर ते मला सुचलं नव्हतं. आम्ही दोघंही बाहेर आलो आणि भिंतीला पाठ लावून बांबू धरला.

बांबू लटलट हलत होता.

"तुजो हात थरथरता," मी म्हटलं.

"तुमचोव," ती म्हणाली. "ढकला."