दिवसाला चार आंबट गोळ्या

मी औषधाच्या दुकानात काम करतो. पंचवटीत, वीसेक वर्षं त्याच काउंटरमागे उभा आहे. घरातले मला अर्धा डॉक्टर समजतात आणि मी तो समज कधी खोडून काढला नाही. म्हणूनच कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सायखेड्याहून दादाचा फोन आला, तेव्हा सल्ला द्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"गाडी घेऊन येतोस का जरा? चाललं की दम लागतोय," दादा म्हणाला.

"घाबरू नको. सीच्या गोळ्या पाठवल्यात ना, त्या घे सकाळ-संध्याकाळ. वाफ घे. परवा बघू," मी म्हणालो.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्या तेव्हा शोधून मिळत नव्हत्या. मी दादासाठी काही पाकिटं बाजूला काढून पाठवली होती आणि त्याचा मला अभिमान होता. पण दम लागलेल्या माणसाला ती गोळी पुरत नाही, हे मला कळत होतं. मी गेलो नाही, कारण मला भीती वाटत होती. बायकोमुलांसाठी वगैरे नाही, माझ्या स्वतःच्या जिवाची. दोन दिवसांनी गाडी घेऊन गेलो तेव्हा दादाला ओटा उतरवत नव्हता. पुढच्या आठवड्यात तो गेला.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. वहिनींना सांगायला हवं, एवढंच डोक्यात राहिलं.

सांगायचं सोडून मी त्यांना गोळ्या न्यायला लागलो. रविवारी दुपारी दुकान बंद झालं की स्कूटर काढायची आणि चांदोरीवरून सायखेड्याला जायचं. सोबत त्याच नारंगी, चघळायच्या गोळ्यांचं पाकीट. आता वाटतं, ती गोळी काहीतरी उपयोगाची आहे हे मला कोणाच्या तरी तब्येतीत बघायचं होतं.

वहिनींची मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात त्या एकट्याच. मी पाकीट टेबलावर ठेवायचो. "सकाळी एक, संध्याकाळी एक. आधीच्या संपल्या का?"

"संपल्या की."

चहा व्हायचा. मी उठायचो.

"भाऊजी, तुमचं पोस्टमनसारखं हाय," त्या एकदा म्हणाल्या. "टपाल टाकलं का चालले."

एका हिवाळ्यात त्यांना खोकला झाला, तेव्हापासून मी दोन पाकिटं न्यायला लागलो. पंधरा-पंधराची दोन. दर रविवारी दोन्ही संपलेली असायची. दिवसाला चार गोळ्या झाल्या, हे मी कधी मनात मांडलंच नाही. दिवसभर लोकांना कितीची गोळी, किती वेळा, हे सांगणारा माणूस मी. त्यांना तरुणपणी एकदा मुतखडा झाला होता, हेही मला माहीत होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या कुशीत कळ उठली. त्यांनी चार दिवस अंगावर काढली आणि पाचव्या दिवशी फोन केला, तोही "तुम्ही दुकानातून एखादी गोळी आणा" असं सांगायला. या वेळी मी गोळी आणायला थांबलो नाही. गाडी केली, तासाभरात सायखेड्याला पोचलो आणि त्यांना नाशिकला डॉक्टरांकडे घेऊन आलो. सोनोग्राफीत डाव्या बाजूला खडा दिसला. लहान होता.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?"

"नाय. ह्या आंबट गोळ्या तेवढ्या. पन ते काय औषध नाय."

"किती घेता?"

"चार. कधी पाच."

"रोज? पोट बिघडत नाही?"

"बिघडतं. मला वाटलं, पानीच खराब हाय."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "मोठ्या माणसाला दिवसाला शंभर मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. एका पेरूत तेवढं मिळतं. ही एकेक गोळी पाचशेची. दोन हजारांच्या वर जाऊ नये म्हणतात, ते धडधाकट माणसासाठी. ज्यांना खडा होऊन गेलाय, त्यांनी तिथवरही जायचं नसतं. जास्तीचं लघवीतून जातं, पण जाताना खड्याला खतपाणी घालून जातं. खडा यानंच झाला, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आजपासून बंद. कोणी सांगितल्या होत्या?"

बाजूच्या खुर्चीवर बसून मी पायपुसण्याकडे बघत राहिलो.

"कोनी नाय," वहिनी म्हणाल्या. "मीच घेत होते. चवीला बऱ्या लागतात."

बाहेर औषधं बांधून मिळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं, म्हणून वहिनी हातातल्या बाटलीतून घोट-घोट पाणी पीत होत्या. त्यांनी मला आत वाचवलं, ते मला सहन होईना.

"दोन सांगितल्या होत्या ना मी? चार कशाला घेतल्या?" मी जरा रागानंच विचारलं.

"शिल्लक राहिल्या की तुम्ही येत नव्हते."

मला कळलं नाही.

"एकदा निम्मं पाकीट उरलं होतं. तुम्ही म्हनले, मग आता पुढच्या रविवारी नाय येत, त्याच्या पुढच्या येतो. तवापासून उरू देत नाय."

मग मी सांगितलं. नीट वाक्यंही जुळवली नाहीत. दादाचा फोन आला होता, त्याला दम लागत होता, मला कळत होतं, मी घाबरलो आणि आलो नाही, त्याला गोळ्या खायला सांगितल्या. समोरून लोक जात-येत होते. वहिनींनी बाटलीचं झाकण लावलं.

"फोन स्पीकरवर होता, भाऊजी."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

"पहिलं वरीस लय राग होता. तुमच्या गोळ्या मी उकिरड्यावर टाकायचे. तुम्ही विचारायचे संपल्या का, मी म्हनायचे संपल्या. पन मी तरी कुठं म्हनले, चला, दुसरी गाडी बघू? शेजारी जीप उभी होती. मलाबी वाटलं, गोळी हाय ना, दोन दिवस निघतील. मग तुमच्या एकट्यावर किती दिवस रागवायचं? अन् आठवड्यात एकदा तरी चहा दोन कप करावा लागतो, तेवढंच बरं वाटायचं."

औषधं घेऊन मी त्यांना घरी सोडलं. वाटेत आम्ही चांदोरीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो.

पुढच्या रविवारी मी काही न नेता गेलो. वहिनी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. खडा पडून गेला होता, चेहरा उतरला होता पण कळ नव्हती. त्यांनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी मांडी घालून बसलो.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही वाफ घ्या म्हनले, तवा मी पानी ठेवायला आत गेले. पुढं काय बोलले ते?"

हे विचारणारं कोणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं. दादा जे बोलला, ते मी स्वतःशीसुद्धा उच्चारत नव्हतो, कारण ते माझ्या बाजूचं होतं.

"म्हणाला, बरोबर आहे तुझं, नको येऊ. तुझ्या घरात पोरं आहेत."

वहिनींचे हात थांबले. "अजून?"

"अजून काही नाही. जेवलास का, म्हणाला. मी म्हणालो, हो. मग ठेवला."

"जेवले होते का तुम्ही?"

"नाही."

त्या हसल्या, डोळ्यांत पाणी होतं तरी. "त्यांना कळलं असंल ते," त्या म्हणाल्या, आणि कोवळी पानं निराळी काढायला लागल्या. "मोठे देठ नका टाकू त्यात, भाऊजी. कडू होती भाजी. अन् आज जेवूनच जायचं."