शेवटची आठ मिनिटं

आमची मुलगी शिकायला एनस्खेडेला गेली तेव्हा फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या घरातली वरची खोली रिकामी झाली. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. दोनच आठवड्यांत शेजारच्या बाई दारात आल्या. त्या जवळच्या एका लहान फुटबॉल क्लबच्या ऑफिसात काम करायच्या. अमेरिकेहून एकोणीस वर्षांचा एक खेळाडू येतोय, मोसमभर त्याला घर हवंय, खोली देता का, असं त्यांनी विचारलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो संगणकाच्या चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आयुष्यभर क्रिकेट पाहिलेला. म्हणाला, येऊ दे, घर फार शांत झालंय.

अमेरिकेतल्या त्याच्या क्लबने त्याला इथल्या क्लबला वर्षभरासाठी उसना दिला होता. उसना हा शब्द त्यांचाच. साखर उसनी आणतात हे मला माहीत होतं, माणूसही उसना देतात हे तेव्हा कळलं.

मुलगा टेक्सासचा. वडील पोर्तुगीज, तो लहान असतानाच घर सोडून गेलेले. त्यांच्यामुळे त्याला युरोपचा पासपोर्ट मिळाला होता, म्हणून इथे खेळता येत होतं. त्यांच्याकडून मिळालेली तेवढीच गोष्ट, असं त्याने एकदा सांगितलं, तेही कडवटपणे नाही, नुसती माहिती म्हणून. आई वृद्धाश्रमात परिचारिका. चौदाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत त्याची निवड झाली आणि तो चार तासांवरच्या शहरात अनोळखी कुटुंबात राहायला गेला. आमचं त्याचं तिसरं घर.

ते पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं. फ्रिजमधला कोणता कप्पा माझा, कपडे कोणत्या वारी धुवायचे, बूट कुठे ठेवायचे, हे तीन प्रश्न त्याने विचारले आणि मग जेवायला बसला. वाक्यागणिक ‘मॅम’ म्हणायचा. परक्या घरात जागा न अडवता कसं राहायचं, ते त्याला पाठ होतं. मला ते पाहून वाईट वाटलं. आमची मुलगी त्याच्याच वयाची, आणि ती फोनवर वॉशिंग मशीनचं कोणतं बटण दाबायचं ते विचारत होती.

हळूहळू तो रुळला. थालीपिठाला पीनट बटर लावून खायचा. नवऱ्याला त्याने मीठ आणि मिरीच्या डब्या मांडून फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम समजावला. सकाळी धुक्यात सायकल काढून सरावाला जायचा, दुपारी परत यायचा. माझी लायब्ररीतली नोकरी अर्ध्या दिवसाची, त्यामुळे तो यायच्या वेळेला मी घरी असे. बागेतल्या नळाखाली तो बूट धूत बसायचा आणि मी आतून त्याला चहा करून द्यायचे. फारसं बोलणं होत नसे. तरी दुपारी घरात कोणीतरी आहे, एवढ्यानेही बरं वाटायचं.

तो क्लबच्या राखीव, म्हणजे दुसऱ्या फळीच्या संघात होता आणि त्या संघाचे सामने मंगळवारी दुपारी असत. ऑक्टोबरात माझ्या लक्षात आलं, की मंगळवारी तो बूट धूत नाही. धुण्यासारखे नसायचेच ते. गवताची एक काडी त्यांना चिकटलेली नसायची.

रविवारी तो आईशी व्हिडिओवर बोलायचा, जिन्याच्या खिडकीपाशी उभा राहून, कारण तिथे नेट चांगलं यायचं. मी स्वयंपाकघरात असायचे. ‘या वेळी तीस मिनिटं खेळलो,’ असं त्याने सांगितलेलं मी ऐकलं. पुढच्या रविवारी म्हणाला, अर्धा सामना. एक गोल होता होता राहिला, कसा राहिला तेही त्याने वर्णन करून सांगितलं. फोन ठेवून तो वळला तर मी दारात उभी होते. तोच म्हणाला, तिला सांगू नका मॅम, पुढच्या महिन्यात खेळायला लागेन, मग ते खोटं राहणार नाही.

मी मान हलवली.

आणि मग त्याच्या आईने कळवलं, की नोव्हेंबरच्या अखेरीला तिला आठ दिवसांची रजा मिळाली आहे आणि ती येते आहे. मंगळवारचा सामना बघायचा आहे.

तो जेवेनासा झाला. सरावाला अर्धा तास आधी जायला लागला, परत आला की खोलीचं दार लावून घ्यायचा. चार दिवस मी ते पाहिलं आणि पाचव्या दिवशी लायब्ररीतून परस्पर सायकल क्लबकडे वळवली. कोणाला विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही. आज विचारलं तर मी सांगेन की तो मूर्खपणा होता. पण त्या दिवशी सायकलवर मला आपण काहीतरी चांगलं करायला निघालोय असं वाटत होतं.

राखीव संघाचे प्रशिक्षक पन्नाशीचे, शांत गृहस्थ. मला बसायला सांगितलं, कॉफी दिली. मी माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं, की त्याची आई इतक्या लांबून येते आहे, त्याला दहा मिनिटं मैदानावर उतरवता आलं तर बरं होईल.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ती दहा मिनिटं मला दुसऱ्या कोणाची तरी काढून घ्यावी लागतील. त्याचीही आई येते. दर मंगळवारी येते.”

ते चिडले नव्हते, माझी कीवही करत नव्हते. कॉफी संपवून मी निघाले.

आपण गेलो होतो हे त्याला कळणार नाही, असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी तो सरावाहून आला तो सरळ स्वयंपाकघरात. सायकलचं हेल्मेट हातातच होतं. क्लबमध्ये मला कोणीतरी पाहिलं होतं आणि कपडे बदलायच्या खोलीत त्यावरून हसणं झालं होतं. मला वाटलं तो ओरडेल. तो अगदी हळू बोलला.

“आता त्यांनी मला खेळवलं, मॅम, तर ते का खेळवलं हे मला कधीच कळणार नाही.”

मी माफी मागितली. तो म्हणाला, ठीक आहे, आणि वर गेला. त्यानंतर त्याच्या वागण्यात काही कमी झालं नाही. ताट उचलायचा, कचऱ्याचा डबा बाहेर नेऊन ठेवायचा. फक्त दुपारचा चहा तो स्वतःच करून घ्यायला लागला, मी स्वयंपाकघरात यायच्या आधी.

आई आली. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आपल्या मुलाच्या खांद्याला जेमतेम लागणारी. स्टेशनवर तिने त्याला मिठी मारली नाही. आधी दोन्ही हातांनी त्याचे दंड चाचपले, वजन घटलंय का ते बघितलं असावं. आमच्याकडेच उतरली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातून सुरी काढून घेऊन कांदे चिरायला घेतले.

मंगळवारी आम्ही दोघी सामन्याला गेलो. राखीव संघाचं मैदान मुख्य स्टेडियमच्या मागे. लोखंडी कठडा, दोन-चार निवृत्त म्हातारे, त्यांचे कुत्रे, खेळाडूंच्या काही आया. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यायचं. तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन. मध्यंतर झालं. तो बाकावरच. साठाव्या मिनिटाला दोघे बदलले, त्यांत तो नव्हता. मला आईकडे बघवत नव्हतं.

तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, “तो खेळत नाही हे मला माहीत आहे. ऑगस्टपासून माहीत आहे.”

या सगळ्या सामन्यांत कोण खेळलं, किती मिनिटं खेळलं, ते इंटरनेटवर येतं, म्हणाली. कामावरच्या एका मुलीने तिला ते बघायला शिकवलं होतं. दर बुधवारी ती त्याचं नाव शोधायची आणि रविवारी तो सांगेल ते ऐकून घ्यायची.

मी विचारलं, मग त्याला तसं बोलला का नाहीत?

“त्याला एका तरी माणसापाशी खेळाडू राहू दे,” ती म्हणाली. “चौदाव्या वर्षी मी त्याला त्या लोकांच्या हवाली केला. तेव्हापासून तो मला फोनवरच सापडतो. मी काय मॅच बघायला आले नाही.” मग हेही म्हणाली, की हे त्याला सांगू नका. तिलाही मी मान हलवली.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मैदानावर काहीतरी गडबड झाली आणि पाहते तर तो कडेला उभा, जाकीट काढतोय. आठ मिनिटं उरली होती. ती कठड्याला धरून टाचा उंचावून उभी राहिली. तो आत धावत गेला.

आठ मिनिटांत चेंडू त्याच्याकडे चारदा आला. दोनदा त्याने तो नीट पुढे दिला. तिसऱ्यांदा एका सतरा वर्षांच्या पोराने तो त्याच्या पायातून अलगद काढून घेतला. चौथ्यांदा गोल समोर होता, डाव्या पायाने मारायला वेळही होता, पण त्याने चेंडू उजव्या पायावर घेतला आणि तेवढ्यात कोणीतरी आडवं आलं. मला खेळातलं फार कळत नाही, तरी तो क्षण कळला. शिट्टी वाजली. आई टाळ्या वाजवत होती, हातमोज्यांमुळे आवाज येत नव्हता. त्याने लांबून हात केला. प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या शब्दावरून त्याला उतरवलं असं मी तिथेच ठरवून टाकलं.

आई गेली. डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवत असताना त्याचा फोन वाजला. जुन्या क्लबमधल्या मित्राचा संदेश होता. तो वाचून त्याने फोन पालथा ठेवला. अमेरिकेतल्या त्याच्या क्लबने त्याला दुसऱ्या शहराच्या क्लबला देऊन टाकलं होतं. तिथे हे खेळाडूला न विचारता करता येतं. नवऱ्याने विचारलं, बदल्यात कोण मिळालं? तो म्हणाला, कोणी नाही. पुढच्या वर्षी कॉलेजातली नवी मुलं निवडायची असतात, त्यात एका निवडीचा हक्क मिळाला. म्हणजे ज्याच्यासाठी त्याला दिलं तो अजून कोणालाच माहीत नव्हता.

अर्ध्या तासाने अमेरिकेतल्या क्लबच्या माणसाचा फोन आला. तो ‘येस सर’ म्हणत राहिला. नव्या शहरात तो कधी गेलेला नव्हता. नकाशावर त्याने ते नवऱ्याला दाखवलं. माझ्या मनात आलं, मीही या देशात आले ती नवऱ्याच्या कागदांना जोडलेला कागद म्हणून. पण मला निदान ‘येशील का’ असं विचारलं होतं.

जानेवारीत नव्या क्लबने उसनवारी आटोपती घेतली. आइंडहोवन स्टेशनवर मी त्याला सोडायला गेले. आईने सांगितलेलं सांगून टाकावं, असं फार वाटत होतं. तुझ्या आईला सगळं माहीत होतं, तिला काही फरक पडत नव्हता, हे कळलं असतं तर ओझं उतरलं असतं की उरलासुरला आधारही गेला असता, ते मला ठरवता आलं नाही. गाडी आली. मी त्याला थालीपिठांचा डबा दिला. तो म्हणाला, थँक यू मॅम, सगळ्यासाठी. घरी येऊन मी वरच्या खोलीतली चादर काढायला गेले तर ती घडी घालून ठेवलेली होती.

पुढचं मला त्याच्या आईकडून तुकड्यातुकड्याने कळलं. नव्या क्लबने दीड वर्ष ठेवलं, मग करार वाढवला नाही. एक उन्हाळा तो खालच्या लीगमध्ये खेळला. मग सोडून दिलं. आता कृत्रिम गवताची मैदानं बसवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. टीव्हीवर सामना लागला तर उठून जातो, असंही तिने एकदा लिहिलं.

प्रशिक्षक मला तीन-चार वर्षांनी लायब्ररीत भेटले, नातीला घेऊन आले होते. मी न राहवून त्या आठ मिनिटांबद्दल विचारलं. त्यांना आधी मुलगाच आठवेना. मग आठवला. म्हणाले, त्या दिवशी आमच्या आघाडीच्या खेळाडूच्या पोटरीत गोळा आला, बाकावर त्या जागेवर खेळणारा हाच होता, म्हणून उतरवला. तुमचं बोलणं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मग त्यांना वाटलं असावं की हे फार तुटक झालं, म्हणून म्हणाले, चांगला मुलगा होता.

मी त्याच दिवशी त्याला लिहिलं. लांबलचक संदेश, चारदा खोडून. ती आठ मिनिटं कोणी दया म्हणून दिली नव्हती, तुझी होती, एवढं त्याला कळावं म्हणून. इतकी वर्षं मी त्याच्यावर हा डाग ठेवला असं मला वाटत होतं.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. ‘गोळा आलेला मला बाकावरूनच दिसला होता, मॅम. आत जाताना मला माहीत होतं की ही मिनिटं माझी आहेत. म्हणूनच त्या चौथ्या चेंडूनंतर मला माझी मजल कळली. तुमच्यामुळे काही झालं नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर ते मोठ्याने बोलावं लागलं असतं.’

लायब्ररीत परत आलेल्या पुस्तकांचा ढीग समोर होता. तो मी बाजूला सारला. मग त्याला विचारलं, आई कशी आहे. त्याने लिहिलं, गुडघे दुखतात, पण कामावर जाते, आणि आता तो तिच्यापासून वीस मिनिटांवर राहतो.